नव्या रोमँटिक कॉमेडीत जीव का गुंतत नाही? बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

मधली_रांग:

गेल्या पाच-सहा वर्षांतल्या इंग्रजी रोमँटिक कॉमेडींबद्दल विचारायचंय. अधूनमधून चित्रपट बघणाऱ्याची ही मतं आहेत, पटली नाहीत तर जरूर खोडून काढा.

'एनीवन बट यू' (२०२३) मध्ये देखणी जोडी आहे, ऑस्ट्रेलियाचा समुद्र आहे, लग्नाची गडबड आहे. तरी ही दोघं भांडतायत कशावरून, हे मधल्या तासाभरात विसरायला होतं. 'टिकिट टू पॅरडाइज' (२०२२) मध्ये जॉर्ज क्लूनी आणि जूलिया रॉबर्ट्स एकमेकांना टोचून बोलायला लागले की बहार येते. गोष्ट त्यांच्या मुलीकडे वळली की लक्ष उडतं. 'राय लेन' (२०२३) मात्र जेमतेम ८२ मिनिटांचा. लंडनच्या दक्षिण भागात दोन अनोळखी माणसं दिवसभर भटकतात आणि बोलतात, एवढंच. पण संपल्यावरही ती दोघं डोक्यातून जात नाहीत. 'मटीरिअलिस्ट्स' (२०२५) हलकाफुलका असेल असं ट्रेलरवरून वाटतं, निघतो चांगलाच गंभीर.

परीक्षणांमध्ये 'केमिस्ट्री जमली' किंवा 'जमली नाही' यापलीकडे कारण सापडत नाही. ही केमिस्ट्री पडद्यावर नेमकी कशात दिसते? चित्रपट फसतोय हे बघता बघता कसं ओळखायचं? आणि घरी टीव्हीवर निम्मे विनोद पडतात, त्यात दोष चित्रपटाचा किती आणि टीव्हीचा किती?

पानोपानी:

केमिस्ट्री तूर्त बाजूला ठेवा, आधी अडसर शोधा. चित्रपट सुरू होऊन अर्धा तास झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही दोघं आत्ता, याच क्षणी एकत्र का येऊ शकत नाहीत? उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे आणि ते ऐकून 'मग सांगून टाक ना तिला' असं मनात येता कामा नये. तसं आलं, तर तो अडसर नव्हे, नुसता गैरसमज. गैरसमजावर दहा मिनिटांचा प्रसंग निघतो, दीड तासाचा चित्रपट निघत नाही.

'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) मध्ये अडसर डोळ्यांना दिसतो. एका खोलीत दोन खाटा, मध्ये दोरी आणि दोरीवर टाकलेलं ब्लँकेट. ती बापाला झुगारून नवऱ्याकडे निघालेली श्रीमंत मुलगी, तो बातमीच्या शोधातला वार्ताहर. तिचं लग्न झालेलं आहे, आणि त्याला तिची बातमी विकायची आहे. दोन्ही कारणं खरी, बोलून मिटणारी नाहीत. म्हणूनच त्या ब्लँकेटच्या अलीकडे-पलीकडे चाललेलं साधं बोलणंही ताणलेलं राहतं.

आजच्या लेखकाची अडचण अशी की जुने अडसर बरेचसे गेले. जात, वर्ग, घरच्यांचा विरोध या गोष्टी अजून आहेत, पण सगळ्याच कथांत त्या खऱ्या वाटत नाहीत. शिवाय खिशात फोन आहे. चुकामूक, हरवलेलं पत्र, न पोचलेला निरोप, यांवर पूर्वी अख्खा तिसरा अंक उभा राहायचा. आता एका मेसेजमध्ये तो कोसळतो. म्हणून नव्या चित्रपटांत इतकी लग्नं, बेटं, खोटी-खोटी जोडपी आणि एकच पलंग असलेल्या खोल्या दिसतात. तिथून पळता येत नाही, म्हणून माणसं समोरासमोर राहतात. युक्ती वाईट नाही. पण तिने माणसं एका जागी येतात. त्यांना रोखणारं काहीतरी वेगळं लागतंच, आणि ते लिहायचं राहून जातं.

(इथून पुढे 'एनीवन बट यू'चा शेवट फुटतोय.)

हा चित्रपट शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'वर बेतलेला आहे. बी आणि बेन म्हणजे बिअट्रिस आणि बेनेडिक. मित्रमंडळी मुद्दाम ऐकू जाईल असं बोलून दोघांना फसवतात, तेही नाटकातलंच. नाटकाचं वजन मात्र वेगळ्या जागी आहे. बिअट्रिसच्या हीरो नावाच्या चुलत बहिणीवर लग्नाच्या वेळी खोटा कलंक येतो आणि बिअट्रिस बेनेडिकला सांगते, क्लॉडिओला मार. क्लॉडिओ म्हणजे तो कलंक लावणारा नवरदेव, आणि बेनेडिकचा मित्र. मैत्री की ही बाई, हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं आणि टोमणेबाजीचं प्रेम एका फटक्यात खरं होतं. चित्रपटाने तो कलंक गाळला. त्यामुळे बेनला सिद्ध करायला उरतं काय, तर उंचावरून समुद्रात उडी आणि बचाव पथकाचं हेलिकॉप्टर. ते नेत्रसुखद आहे, पण त्यात त्याला गमवावं असं काही लागत नाही. मधला तासभर विसरायला होतो तो यामुळे.

उलट 'पाम स्प्रिंग्ज' (२०२०) घ्या. दोघं एकाच दिवसात अडकलेली. तिला तिथून सुटायचंय, त्याला तिथेच सुखाने राहायचंय. दिवसाचं चक्र हा बाहेरचा अडसर झाला. जगण्याबद्दलचा हा मतभेद आतला. दोन्ही एकमेकांत घट्ट बसलेत, म्हणून ९० मिनिटं कुठेही ढील पडत नाही.

आता लांबीचं गणित. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळ मानाने पडद्यावरचं एक मिनिट. १०० मिनिटांच्या चित्रपटात पहिली भेट १०-१२ पानांत होते, साधारण २५व्या पानापर्यंत दोघं एकमेकांत अडकलेली असतात, मध्यावर पहिली खरी जवळीक आणि ७५च्या आसपास फाटाफूट. फाटाफूट ठरलेल्या जागी येते हा दोष नाही. ती कोणत्या कारणाने येते ते बघा. २५व्या मिनिटाला जो अडसर होता तोच उग्र होऊन आला असेल तर मन मोडतं. त्या जागी आधी कधी न ऐकलेली नोकरीची ऑफर किंवा अचानक उगवलेली जुनी प्रेयसी आली, तर लेखकाचा हात दिसतो. 'राय लेन'मध्ये दोघं पहिल्यापासून आपापल्या ब्रेकअपच्या कहाण्या सांगत असतात, आणि ताटातूट होते ती तिची कहाणी पूर्ण खरी नव्हती म्हणून. त्याचं बीज पहिल्याच गप्पांत पेरलेलं असतं.

कात्री:

वरचं सगळं पटतं, पण एक भर. अडसर उत्तम लिहूनही चित्रपट संकलनाच्या टेबलावर कोरडा पडू शकतो, आणि केमिस्ट्रीचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

महत्त्वाचं संभाषण आलं की बघा, दोघं एका चौकटीत किती वेळ आहेत. टू-शॉटमध्ये एकाचं वाक्य चालू असताना दुसऱ्याचा चेहरा कसा बदलतो ते आपण स्वतः पाहतो. तो वेळ नटांचा असतो. सगळं संभाषण एकेकट्या क्लोजअपमध्ये असेल, वाक्य संपलं की कट, उत्तर संपलं की कट, तर तो वेळ संकलकाने बनवलेला असतो. कित्येकदा त्याला दुसरा इलाजही नसतो, कारण चित्रीकरणाला दोन्ही नटांच्या तारखा जुळत नाहीत आणि समोर बदली माणूस बसवून ओळी घ्याव्या लागतात.

यात आवाजाचीही गोम आहे. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) मध्ये माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, त्याचीच लज्जत आहे. एकेकट्या क्लोजअपमध्ये ते करता येत नाही. एकाच्या ओळीवर दुसऱ्याचा आवाज चढला की तो तुकडा कापता-जोडता येत नाही, म्हणून सेटवर नटांना सांगितलं जातं, समोरच्याचं वाक्य पूर्ण संपू द्या. मग वाक्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची मेलेली जागा उरते. ती टेबलावर काढली तर बोलणं यंत्रासारखं ठकठक होतं, ठेवली तर विनोद थंड. प्रेमात पडलेली माणसं एकमेकांची वाक्यं तोडतात, पुरी करतात. ते हवं असेल तर दोघांना एका चौकटीत घेऊन, दोघांना स्वतंत्र माइक लावून घ्यावं लागतं. त्यात रीटेक वाढतात आणि वेळापत्रक घसरतं.

'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) मधला फोनचा प्रसंग आठवा. पडदा तीन भागांत, चार माणसं, दोन फोन. कट नाही. दोन्ही फोनवरचं बोलणं एकमेकांत गुंफलेलं. असं दृश्य नंतर दुरुस्त करता येत नाही, ते चित्रीकरणातच साधावं लागतं, आणि तो ताजेपणा पडद्यावर दिसतो.

फसलेला विनोद ओळखायची एक खूण: बोलणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे आहे किंवा दृश्य लांबून दिसतंय, आणि नेमकं तेव्हाच एक चुरचुरीत वाक्य ऐकू येतं. ते बहुतेक वेळा नंतर डब करून घातलेलं असतं. ओठ दिसत नाहीत म्हणून खपतं. एखाद-दुसरं चालतं. दर प्रसंगात तेच होत असेल तर मूळ प्रसंगात हशा नव्हता असं खुशाल समजा.

दुसरी खूण पार्श्वभूमीची. हल्ली संभाषण आलं की चेहरा तेवढा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. चेहरा सुंदर दिसतो, पण जागा नाहीशी होते आणि मागे वावरणारी माणसंही. शारीरिक विनोदाला पाय दिसावे लागतात, दार दिसावं लागतं, अडखळायची वस्तू आधीपासून चौकटीत असावी लागते. 'राय लेन'मध्ये रुंद कोनाची लेन्स आहे, कडा वाकवणारी. ही दोघं बोलत असताना मागे रस्त्यावर काही ना काही चालूच असतं. ती वस्ती तिसऱ्या पात्रासारखी वागते. तुमच्या डोक्यातून ती दोघं जात नाहीत त्यात या लेन्सचा वाटा मोठा आहे.

आणि घरी करण्याजोगी एक चाचणी: दोन मिनिटांचं संभाषण आवाज बंद करून बघा. कोण जिंकतंय, कोण ऐकतंय, कोणाला काय लपवायचंय, हे कळलं पाहिजे. पडद्यावरचं प्रेम बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त दिसतं. 'हिट मॅन' (२०२३) मध्ये याचा कळस आहे (पुढचं वाक्य न पाहिलेल्यांनी सोडा). त्याच्या अंगावर छुपा माइक आहे, पोलिस ऐकतायत, म्हणून दोघं तोंडाने एक नाटक वठवतात आणि तो फोनवर टाइप करून तिला पुढची चाल दाखवत राहतो. शब्द एक सांगतात, डोळे दुसरं. विनोद आणि ओढ एकाच वेळी, एकाच चौकटीत.

मधली_रांग:

म्हणजे टू-शॉट जास्त तेवढा चित्रपट चांगला, असं धरायचं का? आणि 'टिकिट टू पॅरडाइज'चं काय? तिथे मोठ्यांचं जमलं आणि धाकट्यांचं नाही, हा फरक कशामुळे?

कात्री:

नाही, मोजपट्टी लावू नका. दुरावा आलेल्या प्रसंगात एकेकटे क्लोजअपच योग्य. चौकट तुटली की नातं तुटल्यासारखं वाटतं. आधी दोघं एका चौकटीत राहिलेली असतील तरच ते जाणवतं, एवढंच. सुरुवातीपासूनच एकेकटी दाखवली तर तोडायला काही उरत नाही.

'टिकिट टू पॅरडाइज'मध्ये मोठ्यांच्या वाट्याला एक ठोस काम आहे: मुलीचं लग्न मोडायचं. एकमेकांचा तिटकारा आणि एकत्र काम करायची सक्ती. धाकट्यांचं सुरुवातीलाच ठरून गेलेलं आहे, त्यांना फक्त वाट बघायची आहे. पानोपानी यांचा अर्ध्या तासाचा प्रश्न धाकट्यांना लावून बघा, उत्तर मिळत नाही.

'सेट इट अप' (२०१८) जमलं असेल तर तेही बघा. दिग्दर्शिका क्लेअर स्कॅनलन मूळच्या संकलक, 'द ऑफिस'वर काम केलेल्या. कुठे थांबायचं आणि कुठे वाक्य संपायच्या आत निघून जायचं याची जाण तिथे प्रत्येक प्रसंगात आहे.

तार_आणि_आवाज:

टीव्हीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विनोदाच्या बाबतीत टीव्हीचा दोष लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

पहिलं, वेग. ॲपमध्ये १.२५ पट वेगाने बघायची सवय असेल तर रोमँटिक कॉमेडीपुरती मोडा. वाक्य आणि हशा यांच्या मध्ये नटाने एक सेकंद थांबा घेतला असेल तर तो ०.८ सेकंद होतो, १.५ पटीला ०.६७. बोलणं समजतं, पण थांबा मरतो. विनोद थांब्यात असतो आणि संकोचही.

दुसरं, मोशन स्मूदिंग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. भुवई उडणं, मान झटकणं अशा बारीक हालचालींची धार जाते. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय, पण पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेला पर्याय शोधला की सहसा तोच निघतो. तो पूर्ण बंद करा, 'कमी'वर ठेवू नका. २०१९नंतरच्या बऱ्याच टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो, तो निवडला की हे आपोआप बंद होतं. एक लक्षात ठेवा: अनेक टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी राहते. टीव्हीतल्या ॲपला बंद केली म्हणजे एचडीएमआयला जोडलेल्या स्ट्रीमिंग स्टिकलाही बंद झाली असं नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. ५.१ ध्वनिपटात (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, अशा मांडणीसाठी बनवलेल्या) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीत दोनच स्पीकर, त्यामुळे संगीत आणि आजूबाजूचे आवाज संवादांवर चढून बसतात. पुटपुटलेलं वाक्य हरवतं, आणि या चित्रपटांत निम्मे विनोद पुटपुटलेलेच असतात. आवाजाच्या यादीत ५.१ नसलेला, साधा स्टिरिओ पर्याय असेल तर तो घ्या. टीव्हीतला खोटा 'सराउंड' बंद करा, संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू करा. ब्लूटूथ स्पीकर असेल तर आवाज एकदशांश ते एकपंचमांश सेकंद मागे पडू शकतो. बरेच टीव्ही ओठांशी मेळ आपोआप साधतात. साधला नसेल तर 'ऑडिओ डिले' हाताने जुळवा, नाहीतर वायर लावा. आवाज आधीच मागे पडत असेल तर डिले वाढवून उपयोग नाही, उलट बिघडेल.

चौथं, सबटायटल्स. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, असा प्रचलित नियम आहे. दोन्ही ओळी एकदम उमटतात. पहिल्या ओळीत तयारी आणि दुसरीत पंच असेल, तर नट पंचपर्यंत पोचायच्या आत तुम्ही तो वाचून मोकळे. शिवाय डोळे चौकटीच्या तळाशी, म्हणजे कात्री सांगतायत तो ऐकणारा चेहरा निसटतोच. भाषा बऱ्यापैकी कळत असेल तर सबटायटल्स बंद करून, वरचे आवाजाचे बदल करून बघा. ठेवायचीच असतील तर अक्षर लहान करा, म्हणजे डोळा लवकर वर येतो. आणि दोघं एकमेकांवर बोलत असतील तिथे अनुवादकाला एकाचं बोलणं गाळावंच लागतं, वाचायला तेवढा वेळच नसतो. तो चित्रपटाचा दोष मानू नका.

डबिंगमध्ये अडचण वेगळी. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे अनुवादातही तशीच अक्षरं आणायची ओढाताण होते. लांबी जुळवायला वाक्यात भरीचे शब्द घालतात आणि नेमका थांबा भरून जातो. बडबड्या, धावपळीच्या कॉमेडीला डबिंग चालून जातं. दोघांच्या हळू गप्पांवर चाललेल्या चित्रपटाला नाही.

दुसरा_अंक:

पानोपानी यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. अडसर नसतानाही चित्रपट उभा राहतो, फक्त घड्याळ लागतं. 'बिफोर सनराइज' (१९९५) मध्ये दोघांना रोखणारं कोणी नाही. सकाळी त्याचं विमान आहे, तिला पुढे जायचंय, बस. 'राय लेन'मध्येही एका दिवसाची चौकट बरंच काम करते. वेळ संपतोय हे प्रेक्षकाला ठाऊक असलं की साध्या गप्पांनाही किंमत येते. त्यामुळे अर्ध्या तासाच्या प्रश्नाला जोडीला दुसरा प्रश्न घ्या: ही दोघं उद्या भेटली तर काय बिघडेल? 'काहीच नाही' असं उत्तर आलं आणि अडसरही नसला, तर तो चित्रपट बंद करायला हरकत नाही.

'मटीरिअलिस्ट्स'बद्दल: तो वाईट चित्रपट नाही, त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी चुकली. जुळवाजुळव करणाऱ्या बाईची गोष्ट आहे, पण प्रश्न माणसाची किंमत ठरवण्याचा आहे आणि एका ग्राहक स्त्रीचं उपकथानक तर फार अंधारं आहे. ट्रेलर बघताना हे ओळखायची सोपी रीत आहे. ट्रेलरमध्ये तुम्ही हसलात ते कशाला, ते बघा. जोडीच्या आपसातल्या बोलण्याला हसलात तर चित्रपटातही तसं मिळण्याची शक्यता बरी. मैत्रीण, बॉस, आजी अशा बाजूच्या पात्रांनाच हसलात किंवा हसू गाण्याच्या ठेक्यावर कापलेल्या तुकड्यांचं असलं, तर जोडीत विनोद कमी आहे हे नक्की.

बघायचा क्रम विचारला नाहीत, तरी सांगावासा वाटतो. आधी 'इट हॅपन्ड वन नाइट', कारण अडसर कसा रचतात ते उघड दिसतं. लगेच पाठोपाठ 'पाम स्प्रिंग्ज', म्हणजे तीच रचना आजच्या माणसांत कशी बसवली ते कळेल. मग 'हिट मॅन'. 'द बिग सिक' (२०१७) थोडा वेळ काढून बघा, तो १२० मिनिटांचा आहे. तिथे नायिका मध्ये बराच काळ बेशुद्ध असते, आणि नायकाला तिच्या आईवडिलांशी जुळवून घ्यावं लागतं. प्रेमपटातली एक व्यक्ती दृश्यातून काढून घेतल्यावरही प्रेम वाढताना दिसतं, हे लिहायला फार अवघड आहे आणि तिथे ते साधलंय. 'एनीवन बट यू' पुन्हा बघणार असाल तर नाटक वाचून बघा. मूळ नाटकातल्या ओळी तिथे भिंतींवर, पाट्यांवर लिहिलेल्या सापडतात.

मधली_रांग:

सगळ्यांचे आभार. टीव्हीत 'मोशन' नावाचे दोन पर्याय आहेत, एक थरथर कमी करणारा आणि एक हालचाल स्पष्ट करणारा. दोन्ही बंद करायचे का?

तार_आणि_आवाज:

हो, दोन्ही. पहिला मधल्या चौकटी भरतो. दुसरा बऱ्याच टीव्हींत दोन चौकटींच्या मध्ये काळी चौकट घालतो, त्याने चित्र अंधारतं आणि काहींना लुकलुकतंही. बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळल्यासारखं वाटेल. २४ चौकटींच्या चित्रपटात ते तसंच असतं, बिघाड समजून पुन्हा चालू करू नका.